‘जंगल बुक २’: मोगलीला गावही हवं आणि रानही?

सड्यावरचा
काल आमच्या गावात (देवगड तालुका) वाचनालयाच्या पडवीत चादर बांधून ‘जंगल बुक २’ लावला. पोरं मे महिन्याच्या सुट्टीला आलेली, हातात फणसाचे गरे, चादरीवर उजेडाला आलेले किडे. शेरखानच्या नाकावर एक पतंग बराच वेळ बसून होता, तेवढी मजा आली. बाकी ७२ मिनिटं मी चरफडत होतो. घरी आलो तर आई म्हणाली, “कार्टूनवर कसला चिडतोस?” म्हणून इथे लिहितोय.

डिस्नेचा १९६७चा पहिला ‘जंगल बुक’ संपतो कसा ते आठवा. पाण्याला आलेली पोरगी हंडा मुद्दाम पाडते. मोगली तो भरून डोक्यावर घेतो, बाळू-बघीराकडे बघून खांदे उडवतो आणि गावात शिरतो. बस. लहानपणी मला ते खांदे उडवणं सहन झालं नव्हतं. इतक्या सहज गेला?

२००३ साली पुढचा भाग काढून नेमकं तेच पुसलं. मोगली गावात कंटाळलाय (त्या हंडेवाल्या पोरीचं नाव इथे शांती), बाळू भेटायला येतो, शेरखान सूड घ्यायला. पुन्हा हत्तींची कवायत, पुन्हा ‘का’ अजगराचे गरगरणारे डोळे, पुन्हा तेच गाणं, आणि एकदा गाऊन भागत नाही. शेवटी मोगली गावातच राहतो, पण पोरं रानात जाऊन बाळूला भेटतात! मग आधी आम्ही रडलो कशाला?

झिल मालवणचो
माका तर बरो वाटलो पिक्चर. माजी चेडवां पोट धरून हसली. तुमका नेमक्या काय होया ता तरी सांगा! पोरांसाठी काढलेलो पिक्चर बघून मोठ्या माणसान रडाचा कित्या?

जांभा
कथेचं सोडा. शेवटची मारामारी पडक्या देवळात आणि खाली उकळता लाव्हा! मूळ पुस्तक लिहिणाऱ्या किपलिंगचं रान म्हणजे सिवनीचं, मध्य प्रदेशातलं. तिथला काय किंवा आपल्या सह्याद्रीतला काय, लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होऊन त्याचा काळा दगड झाला. शेरखान आज त्यात पडला तर फार तर ढोपर फुटेल.

सुरंगी
मला वाटतं आपण भलत्याच गोष्टीसाठी भांडतोय. १९६७चा सिनेमा तेव्हा किती जणांनी बघितला होता खरंच? आपला मोगली म्हणजे १९९३चा, दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा. ती जपानी मालिका होती, ५२ भागांची. गुलजारांचं गाणं सुरू झालं की आमचे काका कौलांवर चढून अँटेना फिरवायचे, आम्ही खालून ओरडायचो, “आली, आली... गेली!” शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, म्हणजे आपल्या मुरुडचा माणूस. त्या आवाजापुढे २००३चा शेरखान मला पाहुण्यासारखा वाटतो. पण हा आपल्या वयाचा दोष, सिनेमाचा नव्हे. सड्यावरचा दादा, तुझी भाची दहा वर्षांची आहे ना? तिला विचार आणि मग लिही.

सड्यावरचा
विचारलं गं. ती म्हणाली, “शांती छान आहे, पण वाघाची भीतीच नाही वाटली.” मुद्दाम सांगतोय असं समजू नकोस, अगदी हेच शब्द.

तिलारीकाठ
पुढचा भाग काढूच नये असं नाही. किपलिंगने स्वतः काढला होता: पहिलं पुस्तक १८९४, दुसरं १८९५. पहिल्यात मोगली म्हशींच्या कळपाखाली शेरखानला चिरडतो आणि गावकरी त्यालाच चेटक्या ठरवून दगड मारतात. दुसऱ्यात तो गावावर रान सोडतो. आधी हरणं नि डुकरं पीक खातात, मग हाथी आणि त्याचे तीन मुलगे घरं पाडतात. आम्ही दोडामार्गवाले हे पुस्तकात वाचत नाही, हत्तींनी रात्री मोडलेले माड आणि केळी सकाळी मोजतो. गाव आणि रान यांच्यात काय चालतं ते त्या माणसाने ओळखलं होतं. डिस्नेने ते १९६७ मध्येच सोडून दिलं. ‘का’ अजगराला तर त्यांनी खलनायक केलं, पुस्तकात तो मोगलीचा दोस्त आहे. तेव्हा २००३वर एकट्यावर राग कशाला?

डोंबिवली फास्ट
सड्यावरचा, एक सांगू? तो शेवट तुला खोटा वाटला, मला माझाच वाटला. गावात राहायचं आणि रानात जाऊन-येऊन असायचं, म्हणजे चाकरमानीच की! आम्ही गणपतीला येतो, शिमग्याला येतो. कायमचं निवडायचं कुणी सांगितलंय?

सड्यावरचा
अरे, पण तुझ्या जाण्या-येण्यात रात्रभर गाडीच्या दारात बसून केलेला प्रवास आहे, विसर्जनानंतर बंद केलेलं घर आहे. दर वेळी निघताना तुझी आजी पायरीवर उभी राहते, काही बोलत नाही. सिनेमात त्यातलं काही दिसलं? तिथे बाळू म्हणजे नाक्यावरचं दुकान, हवं तेव्हा जा. नुसता एक प्रसंग हवा होता, मोगली यायचा राहिला आणि बाळू वाट बघतोय असा. मी गप्प बसलो असतो.

डोंबिवली फास्ट
आजीला मध्ये आणलंस, आता काय बोलणार. पण गाव सोडून न गेलेल्या माणसाने हे मला सांगावं?

सड्यावरचा
पायरीवर आजीच्या मागे मीच उभा असतो रे.

झिल मालवणचो
बरा, आता रविवारी १९६७चो लाव. मी चेडवांका घेऊन येतंय.

सुरंगी
त्यात माकडांचा राजा आहे हं, दुसऱ्या भागातून गायब झालेला तो लुई. आमच्या बाबांना बोलावू नका. वानरांनी या वर्षी कलमांवर आंबा ठेवलेला नाही, ते चादरीवरच दगड घालतील.