कागदावर ४५०, हायवेवर २७०: रेंज जाते कुठे?

पहाटवारा:
आठ महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. बॅटरी ६० युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास), डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीनुसार रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, ४५० कि.मी. शहरात वापरताना ती ४०० च्या पुढे सहज जाते, म्हणून निर्धास्त होतो. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला निघालो. पहाटेचे पाच, बाहेर ६ अंश, गाडीत चौघं, छतावर सामानाची पेटी, वेग ११०. १५० कि.मी. झाले तेव्हा बॅटरी ४४ टक्क्यांवर आली होती! पुढचा चार्जर गाठेपर्यंत हीटर बंद करून बसलो. मागच्या सीटवर आई शाल गुंडाळून गप्प बसली होती, ते फार लागलं मनाला. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी तपासली, ठणठणीत आहे म्हणतात. मग माझी फसवणूक झाली का? आणि पेट्रोलची गाडी हायवेला जास्त मायलेज देते, इथे उलटं कसं?

युनिटवही:
फसवणूक नाही, पण तो आकडा तुमच्या प्रवासाचा नव्हताच. डब्ल्यूएलटीपी चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, २३ अंशांना, एसी आणि हीटर बंद ठेवून. चाचणीचं एक चक्र ३० मिनिटांचं, सुमारे २३ कि.मी.चं. त्यात वेग १३१ पर्यंत जातो, पण अगदी थोडा वेळ. थांबे धरून सरासरी निघते ताशी ४६. तुम्ही तासभर सलग ११० ने गेलात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, म्हणजे ईपीएची, चाचणीही प्रयोगशाळेतच होते, पण तिथे मिळालेल्या रेंजला साधारणपणे ०.७ ने गुणतात, म्हणून त्यांचा आकडा रस्त्याच्या जवळ येतो.

तुमची रेंज सगळ्यात जास्त खाल्ली ती हवेने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ९० वरून ११० वर गेलात की तो जवळपास दीडपट होतो. मी चार्जिंगची वही ठेवतो. एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, वारा नसताना माझ्या गाडीने ९० ला १५.१ युनिट प्रति १०० कि.मी. घेतले आणि ११० ला १८.८. गाडी तीच, टायर तेच, वीस कि.मी.चा वेग तेवढा वाढला. वर तुमची पेटी. शिवाय थंड हवा जड असते. ६ अंशांची हवा २३ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के जड भरते.

आता उलटं का, ते. पेट्रोल इंजिन शहरात रेंगाळताना बरंचसं इंधन वाया घालवतं, हायवेला त्याला सूर सापडतो. इलेक्ट्रिक मोटर कुठल्याही वेगाला काटकसरीचीच. शिवाय शहरात ब्रेक मारताना बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत येते. हायवेला ब्रेकच लागत नाही, मग परत काय येणार? आणि एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. तुमची अख्खी बॅटरी म्हणजे सात लिटरही नाही! एवढ्याशा साठ्यात एकेक युनिटची उधळपट्टी डोळ्यांत भरते.

हळूहळू:
हीटरबद्दल. इंजिनाची उष्णता फुकट मिळते, इथे ती बॅटरीतून काढावी लागते. माझ्या गाडीत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत गाडी तापवणारं यंत्र) नाही, साधा हीटर आहे. गाडी गार असताना तो सुरुवातीला ४ किलोवॅट ओढतो, मग हळूहळू १ च्या आसपास येतो. म्हणून मला लांबच्या प्रवासापेक्षा थंडीतल्या पाच-सहा कि.मी.च्या फेऱ्याच जास्त महाग पडतात. दर वेळी गार गाडी नव्याने तापवायची. निघण्याआधी, चार्जरला लावलेली असतानाच गाडी गरम करा, ती वीज बॅटरीतून जात नाही. टायरमधली हवाही थंडीत उतरते, ती तपासा.

युनिटवही:
@हळूहळू, हे फार महत्त्वाचं. @पहाटवारा, बॅटरी स्वतः गार असेल तर सुरुवातीला ब्रेकची ऊर्जाही नीट परत घेत नाही. आणि प्रवास आखताना ६० युनिट धरूच नका. वाटेत आपण १० ते ८० टक्क्यांतच चार्ज करतो, म्हणजे दोन थांब्यांमध्ये हाताशी असतात ४२ युनिट. तुम्ही १०० कि.मी.ला साधारण २२ युनिट घेतलेत. भागून बघा: १९० कि.मी. थांबे त्या हिशेबाने ठरवा. पण आईंचा हीटर बंद करू नका! वेग १५ ने कमी केलात की एक किलोवॅटच्या हीटरपेक्षा कितीतरी जास्त वाचतं.

पहाटवारा:
काल परत आलो. पेटी भावाकडे ठेवली, गाडी चार्जरवरच गरम केली, वेग ९५. बाहेर १४ अंश होते. सरासरी आली १०० कि.मी.ला १६.४ युनिट, म्हणजे पूर्ण बॅटरीवर ३६५ कि.मी. हीटर सगळा वेळ २२ अंशांवर होता. आई निम्मा रस्ता झोपली होती.