नाशिकच्या आसपासच्या नाहीशा झालेल्या फोटो-जागा: अनुभव लिहा

अंजनेरी, ब्रह्मगिरी, गंगापूर धरणाचं पाणलोट, नांदूरमध्यमेश्वर. लँडस्केपवाल्यांच्या ठरलेल्या जागा एकेक करून हातच्या जाताहेत. "आता तिथे काही उरलं नाही" एवढ्यावर थांबू नका, मंडळी. नेमकं काय गेलं ते लिहा: डोंगर, पाणी, वाट, की नुसता उजेड? का गेलं, आणि नोंद कशी ठेवायची, तेही लिहा.

सातपूरकर

डोंगरापासून सुरुवात करतो. सारूळ आणि बेळगाव ढगाकडचे संतोषा-भागडी हे डोंगर उत्खननाच्या बातम्यांमुळे सगळ्यांच्या तोंडी आहेत. आपल्याकडचा दगड बेसॉल्टचा, आडव्या थरांचा. खाणीत तो सुरुंग लावून टप्प्याटप्प्याने कापतात. माती गेली की त्या उभ्या कातळावर पावसाळ्यातही हिरवं धरत नाही. संध्याकाळच्या उन्हात बाकीचा उतार तांबूस होतो तेव्हा कापलेला भाग राखाडी-पांढरा उठून दिसतो. एडिटिंगमध्ये रंग लावून तो झाकू नये, हे माझं स्पष्ट मत. असा फोटो उद्या "डोंगर शाबूत आहे" म्हणायला वापरला जाईल. धूळ नको असेल तर जूनमधल्या पहिल्या जोरदार सरींनंतरची सकाळ गाठा. खाणीच्या कडेवर उभं राहू नका. सुरुंगाने सैल झालेला दगड वरून धड दिसतो.

गंगापूर रोड

धरणाकाठची जागा बऱ्याचदा गेलेली नसते, पाण्याखाली असते. पावसाळ्याअखेर धरण भरतं आणि मे-जूनपर्यंत पाणी उतरत राहतं. एखादा खडक पाण्याच्या रेषेवर येतो तो थोडेच दिवस. म्हणून फोटोसोबत तारखेशेजारी त्या दिवशीचा धरणसाठा टक्क्यांत लिहा. आकडा पेपरात रोज येतो. पुढच्या वर्षी तारीख पाहू नका, टक्केवारी पाहा.

उतरलेल्या पाण्याकाठचा गाळ फसवा. वर वाळून भेगा पडतात, पापुद्रा पायाला टणक लागतो आणि खाली लोणी. ट्रायपॉडचा एक पाय हळूहळू खचतो आणि लांब एक्सपोजर हलतं. तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा. भिंतीकडे आणि दरवाजांकडे कॅमेरा वळवण्याआधी परवानगी विचारा.

निफाडहून

नांदूरमध्यमेश्वरला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, २०२० साली जाहीर झाला, तरी प्रतिबिंबाच्या जागा कमी होत चालल्यात. कारण दोन: गाळ आणि पानवेली. गाळाने पाणी उथळ झालं की पाणकणीस आत सरकतं, आणि जिथे ते एकदा रुजलं तिथलं मोकळं पाणी संपलं. पानवेलींचं तसं नाही, त्या तरंगतात. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे त्यांचा थर साचतो, समोरचा काठ मोकळा राहतो. चापडगावला पोहोचल्यावर आधी वारा बघा, मग काठ निवडा.

पंचवटीकर

नोंदीबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळे चुकतात. "तीच जागा, तोच फोटो" म्हणताना फक्त लोकेशनवर भरवसा ठेवतात. मोबाइलचं जीपीएस उघड्यावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. अग्रभागातला दगड दोन मीटरवर असेल तर एवढ्यात चौकट पार बदलते.

जुन्या फोटोची प्रिंट घ्या आणि जोड्या शोधा: जवळची वस्तू आणि तिच्या बरोबर मागे येणारी डोंगररेषेवरची खूण. डावीकडे एक जोडी, उजवीकडे एक. जवळची वस्तू जुन्या फोटोपेक्षा डावीकडे दिसत असेल तर तुम्हीही डावीकडे सरका. उलटं वाटतं, पण करून पाहा. मागच्या डोंगराच्या मानाने ती मोठी दिसली तर मागे या. इथे झूम कामाचा नाही, त्याने दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. तिचा शेंडा क्षितिजाच्या मानाने खाली आला असेल तर कॅमेरा जास्त उंचावर आहे. लेन्स थोडी रुंद ठेवा, घरी कापता येतं.

आता उजेड. नाशिक २० अंश उत्तरेला. जूनच्या अखेरीस सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो, डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेकडे. त्यामुळे महिना चुकला तर सावल्या जुळत नाहीत. एकाच उंचीचा सूर्य वर्षात दोनदा मिळतो, उदाहरणार्थ २० एप्रिल आणि २३ ऑगस्टच्या आसपास. पण ऑगस्टात ढग, त्यामुळे प्रत्यक्षात संधी एकच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा कड्यांना उठाव येत नाही.

देवळालीहून

पंचवटीकर, मस्त. ड्रोनवाल्यांसाठी एक: ओझर, देवळाली, गांधीनगर जवळ असल्याने उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघा. रेड झोनमध्ये २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनलाही केंद्राच्या परवानगीशिवाय बंदी आहे.

त्र्यंबक रोड

काही जागा आपणच घालवतो. अंजनेरीच्या पठारावर कातळावर मातीचा पातळ थर असतो आणि कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ झाडं त्यातच रुजतात. चार जणांनी एकाच फुलापुढे गुडघे टेकले की थर सुटतो, पुढच्या सरीत वाहून जातो. पाय आणि ट्रायपॉड उघड्या कातळावरच ठेवा, फुलाला लांबची लेन्स लावा. टाकण्याआधी फोटोतलं लोकेशन काढा, आणि मागची ओळखू येणारी सुळक्याची रेषाही चौकटीबाहेर ठेवा. नुसत्या तेवढ्यावरून जागा शोधणारे आहेत. गावाचं नाव पुरे.