कोलेस्टेरॉल आणि कंबर
एकांनी विचारलंय की कोलेस्टेरॉल हार्टचं दुखणं, त्याचा मणक्याशी काय संबंध. आहे हो! मणक्यांमधल्या चकतीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, वरखालच्या हाडातून पाझरेल तेवढंच तिचं पोषण, आणि त्या हाडांना रक्त देणाऱ्या धमन्या पोटातल्या महाधमनीतून निघतात, तिथे चरबी साचली की चकतीचं पोषण कमी पडू शकतं. अर्थात वय, अनुवंश, सिगरेट हेही आहेच, एकट्या कोलेस्टेरॉलवर खापर फोडता येत नाही. बाबांच्या कंबरेच्या एमआरआयमध्ये एल-४ एल-५ (कंबरेचे खालचे दोन मणके) मधली चकती काळी पडलेली, म्हणजे झिजलेली, बाकीच्या पांढऱ्या, आणि आम्ही वर्षभर कोथरूडच्या खड्ड्यांना आणि स्कूटरला दोष देत बसलो, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करा असं कुणी म्हणालंच नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० निघालं, बरंच जास्त. आता गोळी चालू आहे, सकाळी तळजाईच्या टेकडीवर चालायला जातात.