मदत हवी आहे : सोलापुरातील काळ्या मातीच्या छोट्या अंगणात पर्माकल्चर

नमस्कार. सोलापुरात आमच्या घरामागे १५ बाय २० फुटांची मोकळी जागा असून, बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मांडलेली पर्माकल्चरची (निसर्गाच्या रचनेनुसार टिकाऊ शेती-बाग आखण्याची) पद्धत मी तेथे वापरून पाहत आहे. कढीपत्ता आणि शेवगा तग धरून आहेत. खरी अडचण मातीची आहे. पावसात तिचा चिखल होतो आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे गेला, की बोट सहज आत जाईल एवढ्या भेगा पडतात. उताराला आडवा चर खणून पाणी मुरवावे, असे ही पद्धत सांगते. परंतु आमची जागा सपाट आहे, भिंतीचा पाया जवळ आहे आणि काळी माती ओलीने फुगते व वाळली की आकसते, त्यामुळे धाडस होत नाही. नळाला रोज पाणी येत नसल्याने भांडी धुतलेले पाणी केळीच्या आळ्यात सोडतो. साबणातील सोडियममुळे माती आणखी घट्ट होईल का? आच्छादन म्हणून उसाचे पाचट अंथरले, तर त्याला वाळवी लागली (शेवग्याला मात्र तिने अजून हात लावलेला नाही). चर पायापासून किती अंतरावर असावा आणि पाचटाऐवजी काय वापरावे, हे अशाच मातीत बाग केलेल्यांनी कृपया सांगावे.