मदत हवी आहे: वसईच्या किल्ल्यावर गेम बनवतोय, काही गोष्टींवर अडलोय

रामराम मंडळी,

थोडक्यात लिहिणं मला जमत नाही, तेव्हा आधीच माफी. दिवसा नोकरी आणि रात्री ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) असं दीड वर्ष चाललंय, एकट्यानेच एक छोटा गेम बनवतोय, वसईचा किल्ला आणि १७३९ चा चिमाजी अप्पांचा वेढा. वसईचा तह म्हटलं की सगळ्यांना १८०२ चा दुसरा बाजीरावच आठवतो, पण १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं हे गाव त्यांचं होतं, तो सगळा काळ गेममध्ये कोणी घेतलेला मी तरी पाहिला नाही. हिरो सरदार वगैरे नाही, बेलदार आहे, म्हणजे खणणारा-दगड फोडणारा. तलवार नाही, पहार आणि पाटी. मोर्च्यातून, म्हणजे वेढा घालणाऱ्यांच्या खंदकातून, खणत खणत सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली जायचं आणि सुरुंग पेरायचा, एवढाच गेम.

आता फजिती ऐका. सुरवातीला आळस केला आणि तयार ॲसेट पॅकमधला (आयत्या मॉडेल्सच्या संचातला) युरोपियन किल्ला उचलला, उंच गोल बुरूज, वर दातेरी कठडा, दिसायला एकदम भारी. मित्राला टेस्टिंगला बसवलं तर त्याने आपला माणूस नेऊन बुरुजाच्या अगदी पायाशी उभा केला आणि कंट्रोलर ठेवून चहा करायला गेला. परत आला तरी माणूस जिवंत! वरून एकाची गोळी लागेना. मला वाटलं एआयचा बग, दोन रात्री कोड उपसला, काही सापडेना. मग वसईचा नकाशा नीट पाहिला तेव्हा ट्यूब पेटली, तिथले बुरूज बाणाच्या टोकासारखे कोनात बाहेर काढलेत. गोल बुरुजाच्या नाकासमोरचा तुकडा शेजारच्या बुरुजावरून दिसतच नाही, कोनातल्या बुरुजाची मात्र प्रत्येक बाजू शेजारच्याच्या तोफेपुढे उघडी राहते. तसे बुरूज मॉडेल करून बसवले, कोडची एक ओळ बदलली नाही, आणि तोच मित्र त्याच जागी चार सेकंदात मेला. जमिनीखालून का जावं लागलं ते पुस्तकं वाचून कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं.

तर अडलंय कुठे? एक म्हणजे तारीख. किल्ला पडला ती तारीख कुठे ५ मे मिळते कुठे १६ मे, शेवटच्या लेव्हलवर टाकू काय? दुसरं, किल्ल्यात जाऊन ढीगभर फोटो काढले पण ते सगळे पडक्या भिंतींचे, वडा-पिंपळाच्या मुळ्यांचे. मला नांदतं गाव हवंय. छपरांना सध्या मंगलोरी कौलं टाकलीत, खिडक्यांना काचा लावल्यात, पण काहीतरी खटकतंय. शेवटच्या हल्ल्याला धो धो पाऊस ठेवलाय, मूड मस्त येतो. आणि तिसरं जरा नाजूक आहे. आतले लोक कसे दाखवू? माझा एक वसईकर मित्र ट्रेलर बघून एवढंच म्हणाला, "छान आहे, फक्त तू उडवतोयस ते माझंही गाव आहे." तेव्हापासून काम ठप्प आहे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खाडीकाठ

तारखेचं सोपं आहे. दोन्ही बरोबर. तेव्हा मुंबईचे इंग्रज जुनं कॅलेंडर वापरायचे आणि पोर्तुगीज नवं, दोघांत ११ दिवसांचा फरक. इंग्रजांनी नवं घेतलं ते १७५२ मध्ये. इंग्रजी कागदातली ५ मे म्हणजेच १६ मे. तू १६ टाक.

आणि तो पाऊस काढ रे बाबा! मे महिन्याचा मध्य आहे, घामाच्या धारा दाखव. पाऊस यायच्या आत किल्ला घ्यायचा हीच तर घाई होती, मोर्च्यात पाणी भरलं की सगळं मुसळ केरात. पाऊस दाखवायचाच तर दूर समुद्रावर ढग दाखव, टायमर म्हणून वापर, रोज थोडे जवळ येतायत.

अजून एक, सुरुंग प्रत्येक वेळी बरोबर उडतो असं ठेवू नकोस. एक उडाला, लोक खिंडाराकडे धावले आणि मागून उशिरा उडालेल्या सुरुंगात आपलेच गेले असं वर्णन आहे. तुझा बेलदार वात लावून मागे वळून बघतो तेव्हा छातीत धडधडलं पाहिजे.

---

दगडफूल

खटकतंय ते कौलच! मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशन या मिशनरी संस्थेने १८६५ ला काढला, तुझ्या वेढ्यानंतर सव्वाशे वर्षांनी. नळीची कौलं टाक, अर्धगोल, थोडी वेडीवाकडी. काचाही काढ, लाकडी चौकटीत शिंपल्याचे चपटे पातळ तुकडे बसवायचे तेव्हा, उजेड दुधाळ येतो. गोव्याच्या जुन्या घरांत अजून आहेत, जाऊन बघ. गेमच्या लाइटिंगला तर मेजवानी आहे ती. गल्ल्यांच्या मांडणीसाठी बोकारो नावाच्या पोर्तुगीज लेखकाच्या १६३५ च्या ग्रंथातला वसईचा आराखडा शोध, शंभर वर्षं जुना असला तरी दर्या दरवाजा, जमिनीकडचा दरवाजा आणि मधला बालेकिल्ला यांचा अंदाज येतो.

---

बावखलवाला

मी वसईचाच, ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतो. तुमच्या मित्राचं म्हणणं कळतं मला. किल्ल्यात नुसते गोरे नव्हते हो, आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, मिश्र घरातले शिपाई होते, इथलेच बाटलेले-न बाटलेले राबणारे होते. पोर्तुगीजांचा धार्मिक जाच झाला तो दाखवा, लपवू नका, आमच्यातल्या कुणाला त्याचा राग येणार नाही. पण घंटा वाजली की आत सगळे खलनायक असं करू नका. संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले, त्यांची आई इथलीच. तुमचा बेलदार भिंतीखाली कान लावून बसला असेल ना, तर वरून त्याला ऐकू येणारी शिवी मराठीतच असू दे.

आणि शेवट कत्तलीचा करू नका, तसा झालाच नाही. कलमं ठरली, आतल्यांना सामानसुमान घेऊन मानाने जायला मुदत दिली. मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली होती, त्यांनी पैसे दिले ते चर्चची चांदी तारण ठेवून! हा सीन टाकाच.

---

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. डेमो कधी?

---

धागाकर्ता

बावखलवाले, ती मराठी शिवी. बस, तिथेच लेव्हल सुटली माझी. आता असं करतो, बोगद्यात मशाल विझली की फक्त आवाज, वरची पावलं, बादली ओढल्याचा आवाज, कुणीतरी कुणावर तरी खेकसतंय, आणि प्लेअरला शब्द कळतायत. त्यानंतर वात लावायची की नाही याचं बटण देत नाही, लावायचीच आहे, फक्त हात थोडा थांबेल.

दगडफूल, कौलं काल रात्रीच बदलली, तीन तास गेले पण पहिल्यांदाच ते गाव वाटलं. खाडीकाठ, पाऊस काढला. जड मनाने.

आता एकच राहिलं, चर्चची घंटा. आत्ता जी लावलीय ती कुठल्या तरी फुकट साउंड लायब्ररीतली, टिणटिण वाजते. वसईच्या मोहिमेत उतरवलेल्या घंटा पुढे देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराला एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे. येत्या रविवारी माइक घेऊन मेणवलीला जातोय, पहाटेच, गर्दी व्हायच्या आत. पुण्याहून कोणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाडीत दोन जागा आहेत.