अलिबागचं सिनेगॉग बघायचंय, कधी आणि कसं जावं?

सागरलाट:
नमस्कार मंडळी, डिसेंबरात आईबाबा आणि नववीतली भाची यांना घेऊन अलिबागला जायचं ठरतंय. किल्ला, समुद्र हे तर होईलच पण मला इस्रायल आळीतलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, आतून बघायचंय. आमच्या ऑफिसमध्ये एक पेणकर म्हणून सर होते, पेणचे असतील एवढंच वाटायचं, रिटायर होताना कळलं की ते ज्यू आहेत, आणि तेव्हापासून डोक्यात आहे की शेजारी बसून रोज डबा खाल्ला तरी यांच्याबद्दल आपल्याला काहीच कसं माहीत नाही. बाहेरच्यांना आत सोडतात का? कपड्यांचं, फोटोचं काय? आणि आजूबाजूला अजून काय बघावं म्हणजे भाचीला नीट समजेल? टूरवाल्यांची यादी नको, कुणी खरंच गेलं असेल तर सांगा.

चौलचा_वाटसरू:
सोडतात, पण शनिवारी जाऊ नका. त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो तो शनिवारी रात्रीपर्यंत, त्या वेळात ते प्रार्थनेचं घर असतं, बघायची जागा नाही. रविवार ते गुरुवार सकाळी जा, आधी तिथल्या कुणाशी बोलून ठेवलंत तर उत्तम. ओळखपत्र जवळ ठेवा, २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात जे झालं त्यानंतर सगळ्याच सिनेगॉगमध्ये चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर रुमाल चालतो. फोटो विचारून.

इमारतीचं नाव मागेन अबोथ, मूळ १८४८ ची, १९१० मध्ये परत बांधली. बाहेरून साधी आहे, गॉथिक मनोरे वगैरे अपेक्षा ठेवू नका. आत गेल्यावर पश्चिमेकडे बघा, जेरुसलेम आपल्याला पश्चिमेला ना, म्हणून तिकडे तोंड करून प्रार्थना. तिथे पडद्यामागे कपाटासारखं असतं ते हेखाल, त्यात तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवतात, त्याला हात लावायचा नाही. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली छोटी डबी दिसेल, तो मेझुझा, आत चर्मपत्रावर लिहिलेली वचनं असतात, येणारे जाणारे त्याला बोटं लावून ओठांशी नेतात.

आणि नवगावला जाच, फार लांब नाही. परंपरा अशी की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यांच्या पूर्वजांचं जहाज तिथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. आता तिथे स्मारक आहे. मी सिनेगॉगपेक्षा तिथे जास्त वेळ थांबलो.

शनवारतेल्याची_नात:
सागरलाट, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं म्हणून लिहितेय, एरवी नुसती वाचते. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, माहेर रोह्याकडचं, आता ठाण्यात. आमचे लोक पिढ्यानपिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आडनावं तर गावांचीच, किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, झिराडचे झिराड, अष्टमीचे अष्टमकर. तुमचे पेणकर सर पेणचेच होते हो, त्यात चूक काहीच नाही!

भाचीला माशांची गोष्ट सांगा, लहानपणी आजीने सांगितलेली मला आजही आवडते. पूर्वी आमच्या लोकांकडे ना पुस्तकं होती ना हिब्रू, शमा ही एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली होती. मग डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी ज्यू आला, हे खरंच आपले का बघायला त्याने बायकांना मिसळलेली मासळी दिली. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले, तेव्हा त्याची खात्री पटली. आमच्या घरात अजूनही कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या येत नाहीत. मटणात दूध-दही नाही, आणि मटणाच्या जेवणानंतर दुधाचं गोड चालत नाही म्हणून नारळाच्या दुधाचं, नव्या वर्षाला तर गव्हाच्या चिकाचा हलवा तसाच होतो.

एकच विनंती, फक्त भिंती बघून येऊ नका. माणसं भेटली तर बोला, आमच्या लोकांना बोलायला आवडतं. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली, लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा. तिथेही सोपं नव्हतं, आमच्या लग्नांना मान्यता द्यायला काही रब्बी (धर्मगुरू) तयार नव्हते, लोकांनी आंदोलन केलं तेव्हा १९६४ मध्ये सरकारने आम्ही सगळ्या बाबतीत बरोबरीचे असं जाहीर केलं. माझी मावशी तिकडची, अजून फोनवर 'काय गो, जेवलीस का' असंच विचारते. इथे उरलेत काही हजार. सामूहिक प्रार्थनेला दहा मोठे पुरुष लागतात आणि छोट्या गावांत ते दहा जमवायलाच फोनाफोनी करावी लागते, देखणी इमारत आहे पण दहावा माणूस नाही हे दुःख बाहेरून दिसत नाही.

कॅम्पातली_मी:
पुण्याचे कुणी वाचत असतील तर लाल देऊळ म्हणतात ते सिनेगॉग आहेच की कॅम्पात. ओहेल डेव्हिड, डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं १८६३ मध्ये आणि पुरं झालं १८६७ ला, ते त्याआधीच १८६४ मध्ये वारले, समाधी तिथेच आवारात आहे. लाल विटांचा उंच मनोरा रस्त्यावरनंच दिसतो. पण ससून बगदादी ज्यू, ते व्यापारासाठी खूप नंतर आलेले, आणि वरती ताईंनी लिहिलंय तो समाज कोकणातला मराठी, हे दोन वेगळे, भाचीला हे आधी सांगून ठेवा नाहीतर सगळी सरमिसळ होते. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो बेने इस्रायलांचं.

मुंबईत काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू (१८८४) बघण्यासारखं आहेच, पण माझं मत विचाराल तर मस्जिद बंदरचं शार हारहमीम आधी बघा. १७९६ चं, मुंबईतलं पहिलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी (सॅम्युएल) हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ते बांधलं, बाहेरच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट नाव त्यांच्यावरूनच. गल्लीत हातगाड्या, हमाल, गोण्या, आणि दारातून आत गेलं की बाकं, लाकूडकाम आणि टांगलेले दिवे.

सागरलाट:
केवढं सांगितलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. ताई, मलिदा म्हणून काहीतरी वाचलं होतं ते काय असतं? आणि भाचीला शाळेचा प्रोजेक्ट करायचाय तर मराठीत काही आहे का?

शनवारतेल्याची_नात:
मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबीचा, संदेष्टा एलियाचा नवस. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सुकामेवा एका मोठ्या ताटात, भोवती फळं मांडायची, आशीर्वाद म्हणायचे आणि मग सगळ्यांना वाटायचं. लग्न, बारसं, नवी नोकरी, काहीही चांगलं झालं की करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे, एलिया तिथून रथातून स्वर्गात गेला अशी श्रद्धा, त्या खुणा खडकावर दाखवतात, नवस फेडायला लोक तिथे जातात. घाटातलं खंडाळा नव्हे हं, रिक्षावाल्याला नीट सांगा.

प्रोजेक्टला भाचीला १८७४ ची पुण्यात छापलेली हगादा शोधायला सांगा, वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री वाचतात ते पुस्तक, हिब्रू आणि शेजारी मराठी. त्यात बायका बेखमीर भाकरी करतानाचं चित्र आहे, सगळ्या साड्या नेसलेल्या. नेटवर मिळतं ते चित्र. आणि डॉ. जेरुशा झिराड यांच्यावर लिहायला सांगा, स्त्रीरोगतज्ज्ञ, १९६६ च्या पद्मश्री, मुलींसाठी त्यांच्यासारखं उदाहरण शोधून सापडणार नाही. तारीख ठरली की मला मेसेज करा, अलिबागला आमचे नातेवाईक आहेत, त्यांना विचारून ठेवते.