सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं तपासून बदलायची उपचारपद्धत) म्हणजे नुसतं 'पॉझिटिव्ह विचार करा' नाही हो
वर कोणीतरी लिहिलंय की सीबीटी म्हणजे पैसे देऊन "पॉझिटिव्ह विचार करा" ऐकून यायचं. मलाही आधी तेच वाटायचं. माझं माहेर इंदूरच्या रामबागेत, आई तिथे एकटी असते आणि तिने दोनदा फोन उचलला नाही की माझ्या डोळ्यासमोर थेट बाथरूममध्ये पडलेली आई. काउन्सेलर बाईंनी वहीत रकाने आखायला लावले, काय घडलं, मनात काय आलं, भीती शंभरात किती, आणि मग पुरावा काय. पुराव्यात दर वेळी तेच, फोन आत चार्जिंगला आणि आई बाहेर शेजारणीशी गप्पा मारतेय :) नंतर मुद्दाम अर्धा तास परत फोन करायचाच नाही असा होमवर्क दिला, तो मात्र जीवघेणा.

आणि हे सुचलं कोणाला, तर आरॉन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांना, जे स्वतः आधी मनोविश्लेषणवालेच (फ्रॉइडसारखं मनात दडलेलं उकरणारे) होते, १९६० च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंटांचं ऐकता ऐकता. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाची आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी, सीबीटीच्याच जातीची) त्याच्याही आधीची, १९५५ च्या सुमाराची, ती सरळ वाद घालते, "असं झालंच पाहिजे" हा हट्टच पकडते. आमच्या ह्यांना तीच लागू पडेल, पण जातील तर ना!